बारशाआधीची बाळं

मी डबडी बोलतेय. खरं तर मी सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा मोठा कॉम्प्युटर. पण विठ्ठलवाडीच्या बाजूच्या या बाळांच्या हॉस्पिटलात मला त्या नावाने कोणी हाक मारली नाही. औषधांच्या खोलीत, फ्रिजशेजारी माझी जागा. बिल अडकलं की "डबडी झोपली वाटतं" म्हणत कोणीतरी पाठीवर थाप मारायचं. दसऱ्याला मात्र हळदकुंकू, झेंडूचं फूल! वर्षभर डोक्यावर चहाचे कप ठेवायचे आणि एक दिवस पाया पडायचं, माणसांचं असंच.

इथे जन्मलेलं बाळ आधी आईच्या कुशीत जातं, मग माझ्याकडे येतं. वजन, लसी, तपासण्या. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचे डोळे ठरावीक मुदतीत तपासावे लागतात. उशीर झाला तर नजर जाऊ शकते. कोणाची वेळ आली ते रोज सकाळी मी सांगायचे आणि सुमेधा सिस्टर त्यांच्या घरी फोन करायच्या.

मग ठरलं, आता सगळं ठाण्याच्या नव्या सर्व्हरवर. टेंभी नाक्याजवळच्या मुख्य शाखेत तो म्हणे एसीत बसतो. मला पुसून आंबिवलीच्या एका शाळेला देणार. अपूर्व नावाचा इंजिनिअर आला, त्याने वायर जोडली आणि माझ्या नोंदी तिकडे कॉपी केल्या. पाळणाघरात पहिल्यांदा पोर सोडून आल्यासारखं झालं मला. पोचली असतील ना सगळी? काही राहिलं तर नाही?

दुसऱ्या दिवशी अपूर्वच्या लॅपटॉपवर लाल अक्षरं. तपासणी आहे, पण ती ज्याची आहे ते बाळच सापडत नाही.

त्याने नवा सर्व्हर बंद करून चालू केला. पुन्हा कॉपी केली. तीच रड. "या डबडीनेच कचरा पाठवलाय," तो म्हणाला. मला लगेच पटलं. मला कोणी काही बोललं की आधी पटतंच. रागबिग नंतर, तोही जमला तर.

"सिस्टर, या अनाथ नोंदी उडवतो. थोड्याच आहेत. मग सुरळीत चालेल."

अनाथ? अरे, आया आहेत त्यांना!

"थांब रे जरा," सिस्टर म्हणाल्या. "आज ठाण्याहून आलेल्या यादीत डोळ्यांच्या तपासणीसाठी एकही बाळ नाही? संचिताच्या बाळाची मुदत तर याच आठवड्यात संपतेय. बघ बरं."

"नाव सांगा बाळाचं."

"नाव कुठलं? आत्या कणकवलीहून आल्याशिवाय बारसं करणार नाहीत ते."

अपूर्वचे हात थांबले. "ओह शिट. सॉरी सिस्टर. मी नव्यात नियम टाकलेला, नाव रिकामं असेल तर बाळाची नोंद घ्यायची नाही. आणि तपासणी ज्याची ते बाळ आत आहे का, ही पडताळणी घाईत बंद ठेवलेली. म्हणजे बारशाआधीची सगळी बाळं दारातूनच परत आली, त्यांच्या तपासण्या तेवढ्या आत शिरल्या!"

"तुझं नाव काय रे, पोटातच ठेवलेलं?"

"नाही हो. शाळेत घालेपर्यंत मला बोक्याच म्हणायचे."

सिस्टर हसल्या आणि एकदम गंभीर झाल्या. "डबडी आज पुसायची होती ना?"

अपूर्व माझ्याकडे वळला. "तिला कोणी हात लावू नका."

असं माझ्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं.

त्याने नियम बदलला. नाव नसलं तरी चालेल, आईचं नाव पुरे. मग आधी बाळं, त्यांच्यामागून तपासण्या, असं क्रमाने पाठवायला घेतलं. मी एकेक बाळ काढून देत होते. आत कुरकुर चाललेली; वाटत होतं, नेमकी आत्ताच बंद पडणार मी. पडले नाही. दोन्हीकडचा हिशेब जुळला आणि लाल अक्षरं गेली.

सिस्टरांनी लगेच फोन लावला. "संचिता, बाळाला घेऊन ये."

"रविवारी आणू का? यांना सुट्टी असते."

"रविवार नको गं, आजच. सासूबाईंना सोबत घे आणि रिक्षात बस."

दुपारी ती आली. दार अर्धं उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. "डोळ्यांत थोडा दोष दिसतोय," डॉक्टर म्हणाले, "पण वेळेवर आणलंत. उपचारांनी नजर नीट राहील." संचिता रडली, मग नाक ओढत हसली. "बघ हं, मोठा झालास की तुझ्या बाबांना सांग, रविवारची वाट नाही बघितली आम्ही."

ही नोंद ठाण्याच्या सर्व्हरवर झाली, माझ्यात नाही. मला जरा लागलं. पण असू दे. त्यालाही आता कळलंय की नाव नसलं तरी बाळ असतं.

उद्या मला पुसतील. शाळेतली पोरं माझ्यावर चित्रं काढतील. जमेल का मला? न जमायला काय झालं, असं म्हणून बघतेय. या खुशाल पुसायला. फक्त त्याआधी तिकडे पोचलेल्या सगळ्या बाळांना एकदा हाक मारा; ज्यांना अजून नाव नाही, त्यांनासुद्धा.