ओनामीची सही

होसेनने काढलेली नटांची चित्रं जपानच्या एदो शहरात हातोहात खपत. पण गेली काही वर्षं त्याचा हात इतका कापे की चहाची वाटीही धड धरवत नसे. पडद्याआड बसून चित्रं काढायची त्याची मुलगी ओनामी. ती चित्रं लाकडावर कोरली जायची, छापली जायची, आणि खाली सही होसेनची.

एकदा तिने धीर करून विचारलं, "बाबा, एखाद्या चित्रावर माझं नाव घातलं तर?"

"नाव हवंय बाईसाहेबांना! नवऱ्याने हाकलली तेव्हा तोंड लपवत आली होतीस."

पण काही दिवसांनी तोच म्हणाला, "घे, यावर तुझी सही कर."

चित्र होतं दारूच्या पिंपाला मिठी मारून लोळणाऱ्या माकडाचं. माकडाच्या अंगरख्याच्या बाहीवरचं चिन्ह तेवढं होसेनने कापऱ्या हाताने स्वतः काढलं. बापाने आपल्या चित्राला हात लावला, म्हणून ओनामीचे डोळे भरून आले.

चित्र शहरभर गाजलं आणि शिपाई दारात आले. ते चिन्ह एका बड्या मंत्र्याच्या घराण्याचं होतं; म्हणजे दारुडं माकड तोच.

कचेरीत होसेनने कपाळ जमिनीला टेकलं. "कार्टीने मला न विचारता केलं, सरकार. सही बघा ना, तिचीच आहे."

ओनामी त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने मान वर केली नाही.

प्रकाशक त्सुनेमोन दंड भरून सुटला. ओनामीला हातात बेड्या घालून घरात बसवलं. होसेन भाताची वाटी जमिनीवर ठेवायचा. "खा. नाव हवं होतं ना? आता गल्लीतल्या पोराटोरांनाही पाठ झालंय." ती ओणवी होऊन तोंडानेच खायची.

बेड्या निघाल्यावर आखडलेला हात हळूहळू पूर्वीसारखा झाला. तिने कोणाला सांगितलं नाही.

मग एके सकाळी त्सुनेमोन धापा टाकत आला. शहराचा लाडका नट वारला होता. "गुरुजी, चित्र आत्ताच हवं. दुसऱ्याचं आधी बाजारात आलं तर मी मेलो. इथेच थांबतो."

होसेन पडद्याआड शिरला. "बेड्या निघून इतके दिवस झाले. काढ लवकर."

"हात उठत नाही, बाबा. बेड्यांनी गेला."

"ओनामी, पाया पडतो तुझ्या!"

तिने पडदा बाजूला सारला. "या ना आत, त्सुनेमोनसाहेब. गुरुजी आता काढतायत, बघा तरी."

होसेनने कुंचला टेकवला. नटाचा डोळा गालापर्यंत ओघळला. दुसरी रेघ कागदाबाहेरच गेली.

त्सुनेमोन हलक्या आवाजात म्हणाला, "किती वर्षं चाललंय हे?"

ओनामीने बापाच्या हातातून कुंचला काढून घेतला, नवा कागद ओढला आणि त्याच्यासमोरच नटाचा चेहरा काढला. रेघ कुठेच अडखळली नाही.

"हात गेला म्हणालीस ना?" होसेनने विचारलं.

"तुमच्यापुरता गेला."

त्याच दिवशी ती घर सोडून त्सुनेमोनच्या दुकानामागे राहायला गेली. होसेनकडे मग कोणी फिरकलं नाही. हिवाळ्यात शेजारीण सांगायला आली, "अगं, तुझे वडील गेले."

ओनामी रंग भरत होती. "एवढं वाळू दे," ती म्हणाली, आणि चित्र पुरं करूनच उठली.