बारशाआधीची माणसं

रुपचंद पाटील धुळ्याहून परतले ते पडलेल्या चेहऱ्यानेच. सर्व्हिस मोटारीची धूळ धोतरावर तशीच होती. पायही न धुता ते ओट्यावर टेकले. त्यांच्या बायकोने, भागाबाईने, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि ती समोरच उभी राहिली.

"काय व्हयनं? नर्सबाई भेटनी का?"

"नही भेटनी."

आतल्या खोलीत त्यांची लेक यशोदा वाती वळत बसली होती. तिचा हात थांबला. तिचे दिवस भरत आले होते. हे तिसरं बाळंतपण. आधीच्या दोन्ही मुली याच घरात जन्मल्या, मोठ्यांदा रडल्या, पोटभर प्यायल्या, आणि आठवड्याच्या आत दोघींचीही तोंडं मिटली ती उघडलीच नाहीत. जबडा घट्ट, अंग लाकडासारखं, दूध ओठांवरूनच ओघळून जायचं. गावात या दुखण्याला नाव नव्हतं. मूल आलं आणि परत गेलं, एवढंच म्हणायचे. शिरपूर तालुक्यातल्या या वाघखेड्यात अशी किती मुलं परत गेली, ते कुणी कुणाला विचारत नसे.

म्हणून भागाबाईने नवऱ्याला धुळ्याला पिटाळलं होतं. सरकार गावोगाव शिकलेली नर्सबाई देतं, असं तिने बाजारात ऐकलं होतं.

"काबरं नही भेटनी?"

रुपचंदांनी तांब्या उचलला, पाणी न पिताच खाली ठेवला. "ज्या गावात तान्ही मुलं मरतात त्या गावाला नर्स, असा कायदा शे. कारकुनानं पुस्तक उघडीसन दखाडं. आपला गावमां एकबी मेलं नही."

भागाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "एकबी नही? मंग मन्हा मांडीवर काय मरनं? मांजरीनं पिल्लू?"

आता हा हिशेब कसा चालायचा ते सांगायला हवं. गावात कोण जन्मलं आणि कोण कशाने मेलं, हे पोलीस पाटलाने बुकात लिहायचं. त्याची नक्कल शिरपूरला जायची, तिथून धुळ्याला, धुळ्याहून पुण्याला आणि पुण्याहून दिल्लीला. तिथे साऱ्या मुलखाची बेरीज व्हायची आणि पैसा कुठे धाडायचा ते ठरायचं. म्हणजे दिल्लीच्या त्या भल्यामोठ्या बेरजेची पहिली ओळ वाघखेड्यात रुपचंद पाटलांच्या बोरूखाली होती.

"तुम्ही लिखंच नही?" भागाबाईचा आवाज एकदम खाली आला. आवाज खाली आला की ती खरी तापलेली असते, हे रुपचंदांना पक्कं ठाऊक होतं.

"काय लिखू? बारसं नव्हतं व्हयेल. नाव नव्हतं त्यास्ले. पहिल्या साली लिखं व्हतं मी, 'मुलगा, नाव नाही'. कागद परत उना. लाल शाई. 'नाव भरून पाठवावे.' नाव कोठून आनू? मन्हा बापबी लिखे नही. कोनीच लिखस नही."

ते खोटं बोलत नव्हते. बाराव्या दिवशी पाळण्यात घालून कानात नाव सांगितलं की मग ते मूल माणसांत जमा. त्याआधी गेलं तर ना सुतक, ना दहावा. बाप फडक्यात गुंडाळून नदीकाठी घेऊन जायचा आणि परत येऊन बैल सोडून शेतावर जायचा. आईनेही चार लोकांत रडायचं नाही, पुढच्या मुलाला बाधतं म्हणून. भागाबाई स्वतः असंच वागत आली होती. आज पहिल्यांदाच तिला त्या गप्प बसण्याची किंमत कळली, आणि तिचा संताप दुप्पट झाला.

"आनी परवा शिरपूरले साहेबनी तुम्हले पागोटं बांधं, ते कशानं?"

रुपचंदांनी खुंटीवरच्या पागोट्याकडे पाहिलं. तालुक्यातलं सगळ्यात निरोगी गाव म्हणून ते पागोटं होतं. घालून गावभर मिरवले होते.

"त्या पागोटाखाले आम्हनी लेकरं पुरी दिधात तुम्ही," भागाबाई म्हणाली. "सकाळनी मोटारले मी येस. माले दखू द्या ते पुस्तक."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं धुळ्याच्या आरोग्याच्या कचेरीत उभी होती. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, त्यात तांबड्या डोक्याच्या टाचण्या खोचलेल्या. टेबलामागे मोतीलाल नावाचे हेडक्लार्क पान चघळत बसले होते.

"पाटील, काल सांगितलं ना तुम्हाला? आज बायकोला घेऊन आलात?"

"भाऊ, आमच्या गावात लेकरं मरतात," भागाबाई शहरी बोलीत बोलायची शिकस्त करत म्हणाली.

"मरत असतील, अक्का. पण आमच्याकडे मेलेली नाहीत."

"मग आता लिवा. मी सांगते."

"गेल्या सालाचा आकडा छापून दिल्लीला गेलासुद्धा. तुम्ही म्हणता म्हणून दिल्ली पुस्तक बदलणार आहे का?"

"बरं, पुढच्या सालचं?"

"पुढच्या साली पैसाच नाही. काटकसरीचा हुकूम आलाय. बाळांचा रकानाच बंद. आता मोजायचं नि छापायचं ते फक्त प्लेग आणि पटकी. त्याची मात्र रोज तार." मोतीलालांनी नकाशाकडे हात केला. "या टाचण्या पाहिल्यात? एक टाचणी लागली की आगगाडी थांबते, कापसाच्या गाठी अडकतात, मुंबईच्या बंदरात बोट उभी राहते. विलायतेतून विचारणा होते."

"आणि लेकरं मेली तर काय अडकतं?"

मोतीलाल माणूस वाईट नव्हता. त्यांनी पान थुंकलं आणि खरं ते सांगितलं. "काही अडकत नाही, अक्का."

खोलीच्या कोपऱ्यात पांढरं लुगडं नेसलेली एक बाई आकड्यांच्या चळतीत मान घालून बसली होती. ती कडवट हसली. "ऐकलंत? मी नर्स. मंजुळाबाई माझं नाव. चार तालुके फिरायचे. काटकसरीत फिरतीचा भत्ता कापला, आणि पगार फुकट जायला नको म्हणून मला इथे बसवलं. कोणत्या पेठेत किती मेलेले उंदीर सापडले, त्याची बेरीज करते."

भागाबाईला आधी समजेना. "उंदीर?"

"उंदीर. प्लेगचे."

"मेलेले उंदीर लिवतात?"

"एकेक. रोज."

भागाबाई मोतीलालांकडे वळली. शहरी बोली तिच्या तोंडून गळून पडली. "त्या उंदीरस्नं बारसं व्हयेल ऱ्हास का, भाऊ? त्यास्ले नाव ऱ्हास? त्यास्ना कागद परत नही येस?"

मोतीलालांनी दौत उगाच इकडची तिकडे केली. रुपचंद जमिनीकडे पाहत होते. शेजारच्या टेबलावरचा शिपाई हसू दाबायला गेला, पण तिच्या डोळ्यांकडे बघून त्याने तोंड फिरवलं.

मंजुळाबाईंनी खुर्ची मागे सारली. "हे सोडा. जबडा मिटून जातात ना लेकरं? मला सांगा, नाळ कशाने कापता?"

"इळानं. आम्हनी धुरपदा अक्का कापस. गवत कापाना इळा."

"आणि वर काय लावता?"

"गोवरीनी राख."

"त्या विळ्यातलं, राखेतलं विष नाळेतून अंगात जातं, त्यानेच जबडा मिटतो," मंजुळाबाई म्हणाल्या. मग एकेक शब्द सुटा करत, लहान मुलाला पाढा द्यावा तसं सांगितलं. नवं पातं घ्यायचं. पातं आणि बांधायचा दोरा पाण्यात घालून पुष्कळ वेळ खळखळ उकळायचा. हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. नाळेवर काही म्हणजे काही लावायचं नाही. राख नाही, शेण नाही, हळद नाही. उकळून वाळवलेलं कोरं फडकं, बस.

भागाबाई वाट पाहत होती. पुढे औषध येईल, बाटली येईल. काहीच येईना. "इतलंच?"

"इतकंच."

"मंग आतेलोंग कोनी काबरं नही सांगं?"

"जिथे मुलं मरत होती तिथे सांगायला गेले होते मी," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज चढला. "तुमच्या गावासमोर शून्य होतं! मोठं, गोल शून्य. शून्याच्या गावाला मला कोण धाडणार होतं?"

परतीच्या मोटारीत भागाबाईच्या मांडीवर नवं पातं आणि साबणाची वडी होती. रुपचंदांनी दोन्ही कुणी न सांगता विकत घेतली होती.

यशोदाला कळा लागल्या त्या भर सकाळी. धुरपदा अक्का कमरेला विळा खोचून आली. गावातल्या निम्म्या लोकांना तिनेच या जगात ओढून आणलं होतं, त्यामुळे तिला कुणी काही शिकवत नसे. चुलीवर आधण खळखळताना बघून ती म्हणाली, "हाई काय? मन्हा इळा काय बटाटा शे, उकाळाले?"

"इळा ऱ्हाऊ द्या, अक्का. पातं शे."

"मन्हा हातले साबन? चाळीस वरीस आशीच करनू मी!"

"करनात ना? मंग आज मन्हं आयका."

अक्काने बडबडत हात धुतले. मुलगी झाली. पात्याने नाळ कापली, दोरा बांधला, आणि मग सवयीने अक्काचा हात राखेच्या वाडग्याकडे गेला. भागाबाईने तिचं मनगट असं धरलं की वाडगं उलटून राख घरभर झाली. "मन्हा घरमां नही!" ती ओरडली. इतकी मोठ्याने, की बाहेर ओट्यावर बसलेले रुपचंद उठून उभे राहिले.

मग वाट पाहणं आलं. रोज पहाटे भागाबाई धुतलेलं करंगळीचं टोक बाळाच्या ओठांत घालायची आणि जबडा सैल आहे ना ते बघायची. यशोदा आईच्या तोंडाकडे बघत राहायची, विचारायची मात्र नाही. पाचवी पुजली. ज्या दिवसांत आधीच्या दोघी गेल्या ते दिवस आले, आणि पोर करंगळी चोखतच राहिली. तेही दिवस गेले.

बाराव्या दिवशी अंगणात बाया जमल्या. पाळणा बांधला, घुगऱ्या वाटल्या, आत्याने कानात नाव सांगितलं. पोरीचं नाव ठेवलं मथुरा. सगळ्या हसत होत्या. भागाबाईच्या चेहऱ्यावर मात्र हसू येईना. पाणी, दोरा आणि कोरं फडकं. एवढ्यासाठी? नदीकाठच्या त्या दोघीही आज अंगणात रांगल्या असत्या, धावल्या असत्या. जितकी पोर पाळण्यात सुखाने झोपली होती, तितका तिचा जीव जळत होता.

"यशोदाना बाप," तिने हाक मारली. "बुक आना."

"आत्ते? बारसामां?"

"आत्तेच."

रुपचंदांनी जन्म-मरणाचं बुक आणि दौत आणली. भागाबाई लेकीपाशी बसली. "मोठीनं काय नाव ठेवती तू?"

यशोदाने आईकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "सरू," ती लगेच म्हणाली. तिच्या मनात ते तयारच होतं. "आनी धाकलीनं तापी."

अंगणात कुजबुज उठली. धुरपदा अक्का पुढे आली. "येडी व्हयनी का तू, भागा? मरेल लेकरंस्ना नावे पाळनापुढे? अपशकुन करस?"

"अपशकुन?" भागाबाई उभी राहिली. "गप बसनूत तोच अपशकुन व्हता, अक्का! आपन गप, बुक गप, धुळं गप, दिल्ली गप. बठ्ठा गप! गप बसीसन पोरं मारात आपन!"

रुपचंदांनी लिहिलं. सरू. तापी. मरणाचं कारण, वय दिवसांत. लिहिता लिहिता हळूच म्हणाले, "परत येवाव कागद. मुदत टळी गई म्हनतीन."

"येवू द्या परत. परत धाडा."

पाळण्याची दोरी हलायची थांबली होती. धुरपदा अक्का तशीच उभी होती, ओठ घट्ट दाबून, बुकातल्या ओल्या शाईकडे बघत. मग ती गुडघ्यावर हात ठेवून रुपचंदांसमोर खाली बसली.

"रुपचंद, मन्हा लेकरंबी लिख."

"तुम्हनाबी? कितला, अक्का?"

"तू लिखाले तं लाग," अक्का खेकसली.