चौथ्या टाळीचा जोर

जानराव गुरुजी मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला इंग्रजी शिकवत, आणि एकादशीला निवृत्तीबुवांच्या कीर्तनात टाळ धरत. दोन्ही कामं त्यांना एकच वाटत. लांबलचक इंग्रजी शब्द आला की ते त्याचे तुकडे पाडून टाळ्यांवर बसवत. रि, स्पॉन, सि, बि, लि, टी. सहा टाळ्या. "शेवटी 'इटी' आली का जोर तिच्या आंधीच्या अक्षरावर. म्हणजे चौथ्या टाळीवर, 'बि'वर. समजलं?" पोरांना समजायचं. निम्मी पोरं देवळातही गुरुजींच्याच रांगेत टाळ घेऊन उभी असत.

गुरुजी तीन वर्षं हंगामीच होते. नोकरी कायम व्हायची की सुटायची, ते आता तपासणीच्या शेऱ्यावर होतं. साहेब आले, पुण्याकडचे. फळ्यावरचा 'रिस्पॉन्सिबिलिटी' हा शब्द पाहून खूश झाले.

"म्हणा गुरुजी."

गुरुजींनी म्हटला. 'बि'वर मस्त दणका दिला.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "अहो, हे काय वऱ्हाडी इंग्रजी? 'रिस्पॉन्सिबल' म्हणता ना? मग जोर 'स्पॉन'वरच राहणार. ऐका." आणि साहेबांनी टेबल ठोकत शब्द म्हटला. दणका दुसऱ्या टाळीवर.

खरं बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर विद्या. गुरुजी तोंड उघडणार, तोच अख्खा वर्ग साहेबांच्या मागोमाग गरजला. दुसऱ्या टाळीवर असा जोर, की टेबलावरची दौत हलली.

साहेबांनी शेरा लिहिला : 'वर्गाचे उच्चार निर्दोष. शिक्षकाने ते वर्गाकडून शिकावेत. नोकरीत कायम करण्यास हरकत नाही.'

जीप फाटकाकडे वळली तसे गुरुजी वर्गाच्या मॉनिटरकडे वळले. "काऊन ग प्रतिमे, म्या असं शिकवलं होतं?"

"नाही गुर्जी. पण गेल्या एकादशीले बुवांचा ठेका चुकला, तवा तुमीच त सांगतलं, बुवा चुकले तरी टाळकऱ्यानं त्यायच्याच मांगं जावं. चारचौघात फजिती करू नये म्हणे."

"साहेब काय बुवा हायेत का ग?"

"आज त तेच पुढं उभे होते नं, गुर्जी."

गुरुजींना हसावं की तिचा कान धरावा कळेना. पांडुरंगानं नोकरी राखली खरी, पण चुकीच्या टाळीवर!

"गुर्जी, बुवा गेले," प्रतिमा म्हणाली, "आता मूळ चालीवर येऊ का?"

गुरुजींनी आधी दाराबाहेर वाकून जीप गेल्याची खात्री केली. मग दोन्ही हात वर उचलले.