तिसरा खांब

रस्ता करणाऱ्यांच्या आधी आम्ही जातो. महामार्गाच्या आखणीत जुनं काही दडलंय का, ते चर खणून बघायचं. मिळालं तर रस्ता वळतो, नाही तर आमच्या मागोमाग बुलडोझर येतोच. या खेपेला आखणीत माझ्या दादाचं घर होतं. मॅडमना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, मी ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "तुमचं काम मी स्वतः तपासेन," एवढंच त्या म्हणाल्या.

दादा सुतार. घर स्वतः बांधलेलं, दारं-खिडक्या स्वतः घडवलेल्या, पुढच्या खोलीत रंधा आणि सगळीकडे भुसा. काम संपेपर्यंत मी त्याच्याकडेच राहत होते. जेवायला बसलं की त्याचा एकच प्रश्न, "सापडलं का गं काही?"

"दादा, ती काय हरवलेली किल्ली आहे?"

शेवटच्या चरात, उजेड जाता जाता, सापडलं. पिवळ्या मातीत दोन काळसर गोल डाग, ताटलीएवढे. पूर्वी कुणीतरी तिथे खांब रोवले होते. लाकूड कुजलं, खड्डा भुसभुशीत मातीने भरला आणि रंग तेवढा वेगळा राहिला. दोन डागांनी काही सिद्ध होत नाही. त्याच रेषेत, तेवढ्याच अंतरावर तिसरा निघाला, तर मात्र ते जुन्या काळचं घर ठरतं, आणि मग रस्त्याला वळावंच लागतं. आम्ही चरावर ताडपत्री टाकून निघालो. दादाने विचारलं तेव्हा मी "उद्या बघू" म्हणाले. आधी आशा लावायची आणि मग तोंडघशी पाडायचं, हे मला नको होतं.

सकाळी ताडपत्री काढली तर जिथे तिसरा डाग शोधायचा होता बरोब्बर तिथेच हातभर खड्डा, घाईघाईने बुजवलेला. आत खापरं. तीही स्वच्छ धुतलेली! एकाच्या सांध्यावर तर गोंद होता आणि तो मीच लावला होता. विद्यार्थ्यांना दाखवायची खापरं मी एका डब्यात ठेवते, त्यातली ती. डबा दादाच्या घरी होता.

मॅडमनी गोंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली आणि खरं ते सांगितलं. मुद्दाम पुरलेली एक जरी वस्तू निघाली तरी अख्खा चर बाद होतो. ते दोन डागही त्यात गेले. रस्ता सरळ जाणार.

दादा रंधा मारत होता. मी रिकामा डबा त्याच्यापुढे आदळला. "अक्कल गहाण टाकली होतीस का?"

"घर वाचलं तर वाचलं, म्हटलं." तो ओशाळून हसला. "तसंही तिथे काही नव्हतंच ना?"

मी तोंड उघडलं, पण त्याचं चालूच होतं.

"सगळीकडे दगडासारखी जमीन गं. पहार टोचून टोचून थकलो. शेवटी एका जागी माती मऊ लागली, म्हणून तिथे खणलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तिसरा खांब होता. दादाचं घर वाचवायला तेवढा एकच हवा होता आणि तो त्यानेच उकरून टाकला होता. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी दाराच्या बिजागऱ्या बघत राहिले.

"काय गं? होतं का काही?"

"नाही रे," मी म्हणाले. "पेचकस दे. दारं उतरवून घेऊ, नव्या घराला होतील."