वाळवंटातला कूलर

आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या त्या ऑफिसात ऊन कशाला म्हणतात हे कळणारं एकच माणूस होतं, आणि ते अकोल्याचं होतं. ते माणूस म्हणजे स्मृती; निदान तिचा तरी तसा दावा होता. बाकीची मंडळी पारा विसावर गेला की उघड्या अंगानं बागेत आडवी होणारी. त्यांनी ओमानच्या वाळवंटातल्या मोबाइल टॉवरसाठी बॅटऱ्यांची खोली आखली, तेव्हा तिच्यात चक्क हीटर दाखवला होता. का, तर बॅटऱ्यांना ओल लागू नये म्हणून! ज्या गावात पाऊस वर्षभर मुक्कामाला असतो, त्या गावातल्या माणसांना दुसरा शत्रू सुचणार तरी कुठून?

स्मृतीनं भर मीटिंगमध्ये त्या नकाशाची चिरफाड केली. खोली सावलीत हवी, दोन बॅटऱ्यांमध्ये हवा फिरायला जागा हवी, वरच्या जाळीतून गरम वारा आणि गॅस बाहेर पडायला हवा. तेव्हापासून ऑफिसात उन्हाचा विषय निघाला की सगळे तिच्याकडं बघायचे. तिला ते आवडायचं. आवडणारच, आयुष्यभर ज्या उन्हाला शिव्या दिल्या त्या उन्हानं परदेशात मान मिळवून दिला होता.

तिचा नवरा नरेश त्याच कंपनीत. तो यवतमाळचा, म्हणजे उन्हाच्या बाबतीत तोही कमी नव्हता. टॉवरवर बॅटऱ्या बसवायला त्यालाच ओमानला पाठवलं होतं. हायवेलगतचा एकाकी टॉवर, तारेचं कुंपण, बॅटऱ्यांची खोली म्हणून पत्र्याचा कंटेनर आणि चारी बाजूंनी वाळू. ओमानमधल्या त्या कोपऱ्यात लाइट जायची, आणि गेली की टॉवर या बॅटऱ्यांवर चालायचा. काम सरळ होतं. बॅटऱ्या बसल्या, तारा जोडल्या, आणि नेमका कंटेनरचा एसी बंद पडला.

नरेशनं ते व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा स्मृतीच्या मागं तिचे वडील, बाळासाहेब, चहा पीत बसले होते. अकोल्याचा उन्हाळा टाळायला म्हणून तिनं त्यांना इकडं आणलं होतं आणि ते आल्या दिवसापासून कंटाळले होते. जन्म वीज मंडळाच्या सबस्टेशनात गेलेला. इथं त्यांना ना विचारणारं कोणी, ना कपडे वाळवायला ऊन. जावयाची अडचण ऐकून त्यांना एकदम हुशारी आली.

"मंग कूलर लावा नं जवाईबापू!" त्यांनी स्क्रीनमध्ये डोकं घातलं. "एसीची कायले वाट पाहून राहिले? आम्ही सबस्टेशनात दर उन्हाळ्यात बॅटरीरूमले कूलरच लावत होतो."

तिघंही हसले. मग स्मृती हसायची थांबली, कारण ते खरंच पटण्यासारखं होतं. नवा एसी मस्कतहून यायला ओमानची शुक्रवार-शनिवारची सुट्टी आड येत होती. तोवर कोरड्या हवेत ओल्या वाळ्यातून गार वारा मारणारं यंत्र याहून स्वस्त आणि मस्त काय असणार? विदर्भातल्या कोणत्या घरानं कूलरच्या जिवावर उन्हाळा काढला नव्हता? ऑफिसात कुणा आयरिश माणसाला हे सात जन्मांत सुचलं नसतं, आणि यांनाही सुचलं नसतं तर बरं झालं असतं.

"लाव," ती म्हणाली.

नरेशनं जवळच्या गावातून मोठा लोखंडी कूलर आणला, दाराजवळच्या पत्र्याला भोक पाडून तोंड आत करून बसवला. संध्याकाळपर्यंत तापमानाचा आकडा असा उतरला की पाहत राहावं. स्मृतीचा मॅनेजर ओईन तो आकडा बघून "दॅट्स ग्रँड" म्हणाला आणि पुढं त्यानंही काही विचारलं नाही. बाळासाहेबांनी अकोल्याला निम्म्या गल्लीला फोन केले. आयर्लंडात बसून आपण अरबांचं वाळवंट थंड केलं, असा एकंदर मजकूर होता. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं बघून स्मृतीलाही बरं वाटलं.

शनिवारी सकाळी बाहेर बारीक पाऊस लागला होता. स्मृती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती, सहज, टॉवरचं कसं चाललंय ते बघायला. बाळासाहेब स्वयंपाकघरात साखर शोधत होते.

"प्रेसमध्ये बघा, बाबा."

"इस्त्रीत कायची साखर?"

"अहो, कपाटात. इथं कपाटाला प्रेस म्हणतात."

ती हसत स्क्रीनकडं वळली आणि तिचं हसणं तिथंच राहिलं. तापमान छानच होतं, अगदी ॲथलोनच्या उन्हाळ्यासारखं. पण बॅटऱ्यांमध्ये जाणारा करंट कमी झालेला नव्हता. भरलेली बॅटरी म्हणजे जेवून उठलेलं माणूस. त्यानं फार तर सुपारी खावी. या बॅटऱ्या दर तासाला आदल्या तासापेक्षा जास्त गिळत होत्या.

मीटर बिघडला असेल, असं तिनं आधी स्वतःला सांगून पाहिलं. मग तिला चार्जरचा सेन्सर आठवला.

चार्जर आंधळा असतो. बॅटरी किती तापलीय हे त्याला एका छोट्या सेन्सरकडून कळतं. सेन्सर गार म्हणाला की चार्जर जोर वाढवतो, गरम म्हणाला की हात आखडता घेतो. एसी होता तेव्हा खोलीभर सारखी हवा होती, म्हणून सेन्सर पुढच्या रांगेतल्या बॅटरीला चिकटवला तरी चालत होतं. आता त्याच्या थेट तोंडावर कूलरचा गार वारा बसत होता. मागच्या रांगा पत्र्याच्या भिंतीशी भाजून निघत होत्या, आणि चार्जर मात्र खोलीत हिवाळा आहे असं समजून त्यांना आणखी आणखी भरत होता. थंडगार पोराच्या तोंडात थर्मामीटर ठेवायचा आणि औषध शेजारच्या तापलेल्या पोराला पाजायचं, तसला हा प्रकार. आणि तिनं तो आकडा बघून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती!

लॅपटॉपवरून तिला फक्त बघता येत होतं. चार्जर बंद करायचा अधिकार मस्कतच्या ऑफिसला, आणि तिथं सुट्टी. तिनं नरेशला फोन लावला. ओमानमध्ये ती भर दुपार होती.

"बरं झालं तूच केलास," नरेश तोंडात घास असतानाच म्हणाला. तो कुंपणाबाहेर जीपमध्ये जेवत होता. "कूलरमध्ये पाणी टाकायला निघालोच होतो बघ."

"नरेश, त्या कंटेनरजवळ जाऊ नकोस."

"अगं, टाकी संपली असेल. पंप जळेल."

"जळू दे! ऐक माझं. बॅटऱ्या ओव्हरचार्ज होतायत. मागच्या रांगा आतून उकळत असणार. गॅस सुटतो त्यातून, हायड्रोजन. वरची जाळी उघडी आहे ना?"

पलीकडचं चावणं थांबलं. बाळासाहेब साखरेचा डबा हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले.

"नरेश?"

"काल वाळू उडत होती गं फार," तो हळू म्हणाला. "जाळीला कापड लावून टेप मारली मी. बॅटऱ्यांवर वाळू नको म्हणून."

म्हणजे गॅसला बाहेर पडायला वाट नव्हती. कूलरचं तोंड आत, बाकी सगळं बंद, आणि मध्ये कूलरची मोटर गरगरतेय. एक ठिणगी पुरे होती. स्मृतीचा आवाज कसा कोण जाणे, ताळ्यावर राहिला.

"गेटजवळच्या खांबावर मेन स्विचचा डबा आहे. तो कंटेनरपासून लांब आहे ना?"

"आहे बऱ्यापैकी."

"फक्त तो खाली पाड. चार्जिंग बंद होईल, कूलरही थांबेल. पण मेन गेला की टॉवर त्याच बॅटऱ्यांवर येणार, आणि त्या आतून संपल्या असतील तर आपला फोन तिथंच तुटेल. तू ज्या टॉवरवरून बोलतोयस तो हाच. मग मला तुला काहीही सांगता येणार नाही. म्हणून आत्ताच सांगते, नीट ऐक. मेन पाड, जीपमध्ये बस, हायवेला लाग, पुढच्या टॉवरची रेंज येईपर्यंत थांबू नकोस. दार उघडून बघायचं नाही. उकळलेल्या बॅटरीचा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर मागं न बघता पळ."

"बरं."

"तुझं 'बरं' मला माहितीय, नरेश. तू परत बघायला जाशील."

"नाही जात गं बाई. शपथ."

जीपचं दार लागल्याचा आवाज आला. वाळूवर त्याची पावलं करकरत राहिली. मग तो म्हणाला, "पाडतोय हं," आणि खटका वाजला.

दोन-तीन श्वास ऐकू आले असतील नसतील. फोन तुटला.

स्क्रीनवरचे आकडे जागच्या जागी गोठले. तापमान अजूनही छानच दाखवत होतं. त्या आकड्यावर लॅपटॉप आपटावा असं स्मृतीला वाटलं. तिनं परत फोन लावला, परत लावला. मग कंपनीच्या इमर्जन्सी नंबरवर सगळं सांगितलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की ओमानमधल्या टीमला कळवते, पण त्यांना तिथं पोचायला वेळ लागेल.

"काय झालं, पोरी?" बाळासाहेबांनी विचारलं. "मले सांग."

"काही नाही."

"काही नाई कसं? मी मंडळात नोकरी केली हाय. कूलरनं काय झालं?"

आणि तिचा तोल गेला. "तुमच्या सबस्टेशनाला खिडक्या होत्या, बाबा! तुमचा चार्जर एक माणूस समोर बसून चालवत होता. इथं मशीन चालवतं, आणि त्या मशीनच्या नाकावर आपण गार वारा सोडला!"

"म्हंजे माह्यामुळं?"

नाही म्हणायला हवं होतं. इंजिनिअर ती होती, "लाव" तिनं म्हटलं होतं, सेन्सर कुठं आहे ते तिला ठाऊक होतं. त्यांना कुठून ठाऊक असणार? हे सगळं तिला त्या क्षणीही कळत होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "हो. तुमच्यामुळं."

बाळासाहेबांनी साखरेचा डबा टेबलावर ठेवला. खुर्ची ओढून ते बसले, मग उठले, बाहेरच्या खोलीत जाऊन बूट घालून आले आणि पुन्हा बसले. कुठं जायचं होतं त्यांना? त्यांचं त्यांनाही माहीत नसावं. स्मृतीला त्या बुटांकडं बघवेना. उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा एवढंही तिच्यानं झालं नाही, कारण हात उचलला असता तर ती तिथंच कोसळली असती.

शेजारच्या घरातली पोरं पावसातच बॉल खेळायला बाहेर पडली. त्यांच्या हसण्याचा तिला राग आला. काही न करता बसून राहणं तिच्यानं होत नव्हतं आणि करण्यासारखं काही नव्हतं. फोन वाजला तेव्हा नंबर अनोळखी होता, ओमानचा. तिनं तो उचलला. तिनं स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"स्मृती? मी बोलतोय. मी ठीक आहे."

स्मृती तोंडावर दोन्ही हात घेऊन रडायला लागली. बाळासाहेबांनी वर बघून हात जोडले.

"ट्रकवाल्याचा फोन आहे हा," नरेश म्हणत होता. त्याचा आवाज विचित्र मोठा होता, सभेत बोलल्यासारखा. "मी मेन पाडला गं, आणि मग... तू म्हणालीस तेच झालं. कूलर थांबला, आता आत भट्टी होणार, दार तरी उघडून ठेवावं असं वाटलं. लाइट गेली की आपण घरी दारं उघडतोच ना. गेलो. दाराशी पोचलो आणि तो वास आला. पळालो. मागून दार उडून माझ्या पुढं जाऊन पडलं बघ. ठिणगी कशाची पडली कोणास ठाऊक. कंटेनर गेला. मला खरचटलंय थोडं, बाकी काही नाही."

"नरेश! अरे, लागलंय कुठं? डॉक्टरकडं जा आधी!"

"हॅलो? तू बोलतेयस का? स्मृती, मला काही ऐकू येत नाहीये. कानात नुसती शिट्टी वाजतेय. हा ट्रकवालाही बोलतोय ते मला कळत नाही, त्यानं खुणेनंच फोन दिला. दवाखान्यात नेतोय तो मला. तू आहेस असं धरून बोलतो."

स्मृती जोरानं "हो" म्हणाली. त्याला ते पोचणार नव्हतं. तोवर बाळासाहेब उठून आले होते. त्यांनी तो फोन दोन्ही हातांनी उचलून तोंडाजवळ धरला.

"जवाईबापू," ते म्हणाले, "मी हाय. मी बोलून राहिलो. चुकलं माह्यं, बाप्पा."

"आणि हे बघ," पलीकडून नरेश तसाच मोठ्यानं म्हणाला, "बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. कूलरचं नावच काढू नको. एसीमुळं झालं म्हण. म्हाताऱ्याच्या मनाला लागेल, उरलेले दिवस तेच घोकत बसतील. मी आलो की मीही तेच सांगेन. ठरलं?"

"जवाईबापू, ऐका नं माह्यं..."

"तू असशील तर बरं, नसशील तर मेसेज करतो. पण त्यांना सांगायचं नाही हां, स्मृती. त्यांना किती आनंद झाला होता."

बाळासाहेब बूट घातलेल्या पायांनी स्वयंपाकघराच्या मधोमध उभे होते. "चुकलं माह्यं," ते आधीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, मग त्याहून मोठ्यानं, आणि स्मृतीनं फोन घ्यायला हात पुढं केला तरी त्यांनी तो सोडला नाही.