चोराला रस्ता नाही

वहीबाने फोन उचलला. पलीकडचा माणूस आधी खोकला, मग म्हणाला, "ट्रकचा गेम बनवणारे तुम्हीच ना?"

"हो. काय झालं?"

"मी स्लिमान. हासी मसऊदहून बोलतोय, तेलाच्या तळावरून. तिथे क्रेन चालवतो. तुमच्या गेमने मला चोर म्हटलंय."

वहीबा उभी राहिली. बसून ऐकण्यासारखं हे नव्हतं. खिडकीखाली स्पेअर पार्टच्या दुकानात कोणी पत्रा ठोकत होतं, म्हणून तिने खिडकी लावून घेतली. जूनच्या उकाड्यात खोली लगेच तापली.

"पडद्यावर पाटी आली," स्लिमान सांगत होता. "मोठ्या अक्षरांत. जेवणघरातल्या टीव्हीवर, माझा लॅपटॉप त्याला जोडला होता. रात्रपाळी करून आलेली सगळी माणसं समोर बसली होती."

"काका, मी आत्ता इथून तुमचा गेम—"

"आत्ता नको. परवा माझी सुट्टी सुरू होते. घर मोस्तागानेमला आहे, विमान ओरानलाच उतरतं. येतो मी." आणि फोन ठेवला.

येतो मी. एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. हेच वहीबाला जास्त लागलं.

ती आणि लोत्फी कॉलेजपासूनचे सोबती. समुद्रकाठच्या ओरानमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत त्यांनी पहिला गेम केला तेव्हा दोघांच्याही घरच्यांना वाटलं होतं, होईल चार महिन्यांत डोकं ताळ्यावर. गेम चांगला झाला. पण बाजारात आला त्याच आठवड्यात लोत्फी मदीना जदीदाच्या बाजारात चपला घ्यायला गेला आणि तिथे एका टेबलावर त्याला आपलाच गेम दिसला, पेनड्राइव्हवर, कॉफीच्या भावात. विकणारा म्हणाला, "घे भावा, मस्त आहे, आपल्याच पोरांनी बनवलाय." लोत्फीने तो विकत घेतला. का घेतला हे त्याला स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. पण त्या दिवसापासून तो बदलला.

दुसरा गेम ट्रकचा. ओरानहून माल भरायचा, अटलसचे घाट चढायचे, वाळवंट ओलांडून तमनरास्सेतला पोचायचं. वाळूची वादळं, फुटलेले टायर, चेकनाके, वाटेतल्या टपरीवरचा पुदिन्याचा चहा, सगळं त्यात होतं. लोकांकडे परदेशी कार्डं नसतात म्हणून त्यांनी दुकानांतून खरवडायची कार्डं विकायला ठेवली. खरवडलं की कोड निघायचा. आणि या वेळी कुलूप लावलं. गेम उघडताना दर वेळी सर्व्हरला विचारणार, हा कोड विकत घेतलेला आहे ना? उत्तर आलं की गाडी सुटणार.

कुलूप वहीबाने लिहिलं. पाटी लोत्फीची.

"चोरटी प्रत चालवणारे काय करतात? गेमला नेटपासून तोडतात," तो म्हणाला होता. "मग तीनदा ओळीने उत्तर आलं नाही तर समजायचं, चोर आहे. त्याला गेम उघडू द्यायचा. शंभर मैल जाऊ द्यायचं. मग इंजिन बंद आणि रस्त्याच्या कडेला पाटी. ही गाडी चोराची आहे. चोराला रस्ता नाही."

"आणि एखाद्याचं नेटच गेलं असेल तर?"

"तीनदा ओळीने? अगं, कोणत्या जगात राहतेस तू?"

वहीबा हसली होती. गंमत वाटली होती तिलाही. जूनमध्ये बाकची, म्हणजे शाळा संपतानाची मोठी परीक्षा असते, पेपर फुटू नयेत म्हणून पेपरच्या वेळात अख्ख्या देशाचं नेट बंद ठेवतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. दर वर्षी त्याच्या नावाने बोटं मोडायची दोघं. पण त्या दिवशी डोक्यात आलं नाही.

परीक्षा रविवारी सुरू झाली. सकाळी नेट गेलं. संध्याकाळी आलं तेव्हा तक्रारींचा ढीग पडला होता. कोणी पाटीचा फोटो काढून पाठवला होता. तलेमसेनच्या एका बाईने लिहिलं होतं, "माझ्या मुलाला वाढदिवसाला घेऊन दिला. तो विचारतोय, आई, तू चोरून आणलास का?" एकदा पाटी लागली की नेट परत आल्यावरही ती निघत नव्हती. ज्याची त्याची वहीबाने हाताने काढायची. ती बसून काढत होती. जेवढ्या काढल्या तेवढ्या दुसऱ्या दिवशी पुन्हा लागत होत्या.

आणि त्यात हा फोन.

"येऊ दे की," लोत्फी म्हणाला. त्याने येताना करांतिका आणली होती, चण्याच्या पिठाची, पावात भरून, वर हरिसाची तिखट चटणी. वहीबाने हात लावला नाही. "चोर असेल साला. खरं गिऱ्हाईक पाटी दिसली की फोन करून शिव्या घालतं. प्रवास करून कोण येतं?"

"ज्याला फार लागलंय तो येतो."

"दार उघडू नकोस मग."

"तळावरचा माणूस आहे, लोत्फी. दाराबाहेर उभा राहील."

दोन दिवस तिचं कशात लक्ष लागलं नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की ती दाराकडे बघायची. वरच्या मजल्यावरची म्हातारी कोथिंबीर घेऊन चढत असायची, नाहीतर पाण्याचे कॅन आणणारा. मारायला येईल का? पैसे मागेल का? माणसं जमवून आणेल का? घरी आई म्हणाली, "तू पोळी का चिवडतेयस?" वहीबाने सांगितलं, काम आहे फार. आईला पाटीचं सांगायची तिला लाज वाटली.

तो आला तेव्हा दुपार होती, नेट बंद होतं, आणि जिन्यावर पाऊल वाजलंच नाही. दारावर फक्त दोनदा टकटक.

पन्नाशीचा, बारकासा माणूस. इस्त्रीचा सदरा, उन्हाने काळवंडलेला चेहरा. हातात दक्षिणेकडच्या खजुराची पेटी. ती त्याने वहीबापुढे धरली.

"रिकाम्या हाताने कसं यायचं," तो म्हणाला.

वहीबाने पेटी घेतली. ठेवावी कुठे ते सुचेना, म्हणून ती हातातच धरून उभी राहिली.

लोत्फी खुर्चीवरून उठला नाही. "कोड कुठून घेतलात?"

"मोस्तागानेमला. पोस्टासमोरच्या दुकानातून."

"तसं सगळेच म्हणतात."

स्लिमानने पाकिटातून कार्ड काढलं. खरवडलेलं, कोपरे झिजलेले. वहीबाने पेटी खाली ठेवली, कार्डावरचे आकडे आपल्या मशीनवर टाकून पाहिले. नेटची गरज नव्हती. विकलेले सगळे कोड तिच्याकडे होते.

"खरं आहे," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात घेतलंय."

लोत्फीने मान हलवली. "ठीक आहे. चूक झाली. पाटी काढून देऊ. नवीन कार्डही देतो, दोन देतो. पण काका, समजून घ्या. चोरांसाठी कुलूप लावलं की चार भल्या माणसांना त्रास व्हायचाच."

"कुठले चोर?"

"जे फुकट खेळतात ते."

"त्यांना कुठे त्रास झाला?" स्लिमान खुर्ची ओढून बसला. "आमच्या तळावर माझ्या खालच्या खोलीत एक वेल्डर आहे. गेल्या महिन्यात पेनड्राइव्हवर तुमचा गेम घेऊन आला, वार्ग्लाच्या बाजारातून. त्याची गाडी पोचलीसुद्धा तमनरास्सेतला. त्याला पाटी बिटी काही दिसली नाही. पैसे देणारा मी. पाटी मला."

लोत्फीचा चेहरा उतरला. "पेनड्राइव्हवर? हा गेम? कुलपासकट?"

"कुलूप नव्हतं त्याच्यात. म्हणून तर चाललं."

म्हणजे कुलूप फोडलं होतं. महिन्यापूर्वीच. आणि त्यांना पत्ताही नव्हता.

"सगळा देश तसाच झालाय," स्लिमान म्हणाला. "तिकडे पोरं कॉपी करतील म्हणून सगळ्यांचं नेट बंद. इकडे लोक कॉपी करतात म्हणून माझा ट्रक बंद. मी तर दोन्हीकडे नव्हतो, बाबा. मला तर बाक पास होता आलं नाही, तेही कॉपी न करता." तो हसला, पण डोळ्यांपर्यंत ते हसू गेलं नाही. "ऐका. तळावर गेले दोन महिने खोल्यांतून वस्तू जातायत. कोणाचा फोन, कोणाचं घड्याळ. कोण करतंय कळत नाही. सगळे एकमेकांकडे बघतात. आणि अशात भरल्या जेवणघरात टीव्हीवर पाटी येते, ही गाडी चोराची आहे. सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने माझं कपाट उघडायला लावलं. पाच जणांसमोर. माझे मोजे बाहेर काढले, बायकोने दिलेली जॅमची बरणी काढली. काही मिळालं नाही. पण त्या दिवसापासून मी आत आलो की लोक फोन खिशात ठेवतात. गंमत म्हणून ठेवतात. पण ठेवतात."

वहीबाला मार बसेल असं वाटत होतं. बसला असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला काय हवंय?" शेवटी तिने विचारलं.

"फोन लावा. आत्ता जेवणाची वेळ आहे, सगळे बसले असतील. सांगा त्यांना, ही आमची चूक. बस."

"नाही," लोत्फी लगेच म्हणाला. "आपला गेम खोटं बोलतो असं मी स्वतःच्या तोंडाने सांगू? संध्याकाळपर्यंत देशभर होईल. आधीच लोक हसतायत आपल्याला."

"मला हसतायत," स्लिमान शांतपणे म्हणाला.

वहीबाने फोन पुढे केला. "नंबर सांगा, काका."

पलीकडे कोणी बूआलेम नावाचा माणूस होता. ताटांचा खणखणाट, खुर्च्यांचा आवाज. स्लिमानने त्याला सांगितलं, स्पीकरवर टाक, सगळ्यांना ऐकू दे. मग फोन वहीबाच्या हातात दिला.

"नमस्कार. मी वहीबा. ट्रकचा गेम आम्ही बनवतो. स्लिमानकाकांनी तो विकत घेतलाय. ती पाटी चुकून आली. नेट बंद होतं म्हणून—"

"बाई, तुम्ही स्लिमानच्या कोण लागता?" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"मी कोणी लागत नाही. मी—"

"किती दिले त्याने तुम्हाला हे बोलायला?" पुन्हा हशा.

स्लिमान जमिनीकडे बघत होता, जसं काही हे सगळं दुसऱ्याच कोणाचं चाललं आहे.

लोत्फीने तिच्या हातातून फोन घेतला. घेतला म्हणजे ओढलाच.

"ए, ऐका!" तो ओरडला. "मी लोत्फी. ती पाटी मी लिहिली. माझा पहिला गेम चोरांनी खाल्ला म्हणून रागाने लिहिली. आणि ज्याच्यासाठी लिहिली त्याला ती दिसलीच नाही. हा माणूस पैसे देऊन खेळत होता. त्याने काहीही चोरलेलं नाही. माझ्या रागात त्याचं नाव खराब झालं. हसायचं असेल तर मला हसा. नाव सांगितलंय मी, लोत्फी. ओरानचा."

पलीकडे ताटं वाजायची थांबली. मग एक जाड, वयस्क आवाज आला. "सुपरवायझर बोलतोय. ऐकलं." आणि फोन बंद झाला.

"ऐकलं म्हणजे?" लोत्फीने विचारलं.

"त्यांचं तसंच असतं," स्लिमान म्हणाला. त्याने उठून सदरा नीट केला. चहा घ्या म्हटलं तर म्हणाला, बायको वाट बघत असेल. नवीन कार्डं त्याने घेतली नाहीत. दारात थांबून वहीबाला म्हणाला, "खजूर आजच्या आज खाऊ नका. एक दिवस उघडे ठेवा, इथल्या दमट हवेत मऊ होतात."

तो गेल्यावर लोत्फी खिडकीपाशी उभा राहिला. "पाटी काढून टाक," तो म्हणाला. "कुलूप राहू दे."

"कुलूप कोणासाठी?"

"चोरांसाठी."

"त्यांनी ते महिन्यापूर्वीच फोडलं. आता ते फक्त पैसे देणाऱ्याच्या दाराला आहे, लोत्फी. बाकी कोणाच्याच नाही."

"आणि उद्या कोणी पैसेच दिले नाहीत तर? फुकट मिळतंय तर का देतील?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. पण उद्या सकाळी पुन्हा नेट जाणार आहे, आणि उद्या पुन्हा कोणालातरी आपण चोर म्हणणार आहोत. ते मला जमणार नाही."

लोत्फी काही बोलला नाही. वहीबाने ते हो धरलं. संध्याकाळी नेट आलं तेव्हा तिने बिनकुलपाचा गेम सगळ्यांना पाठवला, सोबत दोघांच्या नावाने माफी. परीक्षेचा शेवटचा दिवस उजाडला, नेट गेलं, आणि तक्रार एकही आली नाही. पण तिची धाकधूक गेली नाही. दुकानांतून किती कार्डं खपली हे विचारायला तिला भीती वाटू लागली. खप मेला नाही, वाढलाही नाही. मदीना जदीदाच्या टेबलांवर त्यांचा ट्रक आता उघड्यावर होता, तोही बिनकुलपाचा. लोत्फीने एका कंपनीत अर्ध्या दिवसाचं काम धरलं. दुपारनंतर यायचा. दोघं कमी बोलायची, पण यायचा.

ईदनंतर स्लिमानचा फोन आला.

"माझी बदली झाली," तो म्हणाला. "दुसऱ्या तळावर. मीच मागून घेतली. इथे मला कोणी ओळखत नाही, बरं वाटतं."

"तिकडे चोर सापडला का, काका?"

"नाही. वस्तू जायच्या थांबल्या. मी गेल्यावर थांबल्या." तो थोडा हसला. "आता तिकडे काय बोलत असतील ते तूच समज, पोरी."

वहीबाने डोळे मिटले. "गेम उघडला का तुम्ही? आता काही होणार नाही. पाटीच काढून टाकलीय, कायमची."

"ठाऊक आहे मला. रोज लॅपटॉप काढतो. पण सुरू करायला जातो ना, तेव्हा हात अडतो. आजूबाजूला कोण आहे ते आधी बघतो. बघेन. उघडेन एखाद दिवस."

मागे कोणीतरी त्याला हाक मारली. पाळी सुरू होत होती. तो म्हणाला, "ठेवतो," आणि वहीबा हो म्हणायच्या आत त्याने फोन ठेवला.