पिवळ्या सुतळीची पिशवी

मित्रांनो, कचरा उचलायचा एक जुना लोखंडी चिमटा तुमच्याशी बोलतो आहे. माझ्याकडे कुणी कौतुकाने बघावं असं माझं रूप नाही, आणि जे मला सांगायचं आहे ते ऐकायला गोडही नाही. पण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एका वेल्डरच्या दुकानात, खिडकीच्या टाकाऊ गजांपासून माझा जन्म झाला. त्याने दोन गज ठोकून वाकवले, मधोमध त्यांना जोडणारी रिव्हेट मारली, कानशीने टोकांना दात पाडले आणि मुठींना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. मग मला आपल्या वहिनीच्या हातात देत तो म्हणाला, की आता वाकायचं कारण नाही, कंबर सांभाळा.

या वहिनीला सगळी गल्ली शिवणकाकू म्हणत असे. त्या रोज मशीनवर कपडे शिवायच्या आणि रविवारी सकाळी गल्लीच्या वळणावरचा कचऱ्याचा ढीग उपसायला जायच्या. सुरुवातीला त्या आणि निवृत्त पोस्टमन, दोघंच. त्या पोस्टमनना सगळे टपालमामा म्हणत. पुढे माणसं वाढली. काकूंनी उरलेल्या चिंध्यांच्या पिशव्या शिवून किराणा दुकानाच्या दारात टांगल्या, तेव्हा दुकानदारानेही पातळ प्लास्टिकच्या पिशव्या देणं बंद केलं. ढीग गुडघ्याएवढा होता, तो घोट्यावर आला. लोक माझंही कौतुक करायचे. "हा चिमटा म्हणजे काकूंचा तिसरा हात," असं म्हणायचे.

पण मित्रांनो, खरं सांगू? मला त्या ढिगाची फार भीती वाटायची. वरून नुसती सालं आणि कागद दिसत, आत काय दडलंय ते दात रोवल्याशिवाय कळत नसे. कधी फुटकी बाटली निघे, कधी मेलेला उंदीर, कधी गंजलेलं पातं. प्रत्येक वेळी माझे दात एकमेकांवर करकरायचे.

त्या रविवारी टपालमामांच्या फावड्याचा दांडा मोडला. काकूंनी मला त्यांच्या हाती दिलं आणि स्वतः शिवलेले कापडी हातमोजे घालून त्या पलीकडे कागद गोळा करू लागल्या. मामांनी ढीग उकरला, तशी एक काळी पिशवी वर आली. तिचं तोंड पिवळ्या सुतळीने, पार्सलला मारतात तशा गाठीने बांधलं होतं. ती दिसताच मामांची मूठ माझ्यावर अशी आवळली, की माझं रबर दबून गेलं. त्यांच्या तळव्याला घाम फुटला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पिशवी माझ्या दातांत धरून हळूच भिंतीच्या आडोशाला ठेवली आणि मला तिथेच टेकवून पोतं आणायला गेले.

काकूंचा स्वभाव असा, की एक चिटोरं मागे राहिलेलं त्यांना खपत नसे. भिंतीपाशी त्यांना पिशवी दिसली. ती पोत्यात मावावी म्हणून त्यांनी तळहाताने दाबली, आणि "आई गं" एवढंच म्हणून त्या थांबल्या. हातमोजा काढून त्यांनी पाहिलं. तळव्यावर रक्ताचा एक थेंब होता आणि पिशवीतून इंजेक्शनची सुई बाहेर आली होती.

शिवणकाम करणाऱ्या बाईला सुई टोचण्याचं काय नवल! पण ही सुई कुणाच्या अंगातून आली होती, कोण जाणे. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हातमोजा पुन्हा चढवला आणि कुणालाच काही सांगितलं नाही. मामांनी मात्र लांबून सारं पाहिलं होतं. त्यांनी ती पिशवी पोत्यात घातली आणि पोत्याचं तोंड घट्ट बांधून टाकलं.

घरी माझी जागा मशीनशेजारच्या खिळ्यावर होती, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. काकूंनी आपला कप वेगळा ठेवला. नात मांडीवर चढू लागली, तर तिला काम आहे म्हणून दूर केलं. मशीन बंदच राहिलं. त्या एकसारख्या तळहाताकडे बघत बसायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सून जवळ येऊन बसली.

"आई, हात दाखवा."

"काही नाही गं. कामात लागलंय."

"मग लपवताय कशाला?"

तेव्हा काकूंना रडू फुटलं. सुनेने एक क्षण दवडला नाही, तशीच त्यांना रुग्णालयात घेऊन गेली. परत आल्यावर तिने नवऱ्याला सारं सांगितलं. डॉक्टर रागावले होते, की टोचल्याबरोबर साबणाने हात धुवून तडक यायचं होतं. तरी अजून वेळ गेलेली नव्हती. वापरलेल्या सुईतून दुसऱ्याचा आजार रक्तात शिरू शकतो, म्हणून अठ्ठावीस दिवस रोज औषध घ्यायचं आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं. सुई कुणाची ते कळलं असतं तर त्याचंच रक्त तपासता आलं असतं, असंही डॉक्टर म्हणाले होते.

ते कुणालाच कळेना. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचंच हे काम, असं गल्लीने ठरवून टाकलं. तिथला कंपाउंडर परोपरीने सांगत होता, की आमच्या सुया वेगळ्या डब्यात जातात. कुणी ऐकून घेतलं नाही. पुढच्या रविवारी वळणावर एकही माणूस फिरकला नाही. औषधाने काकूंना मळमळायचं, घास घशाखाली उतरत नसे. घरात सगळे हळू आवाजात बोलत. दारावर थाप पडली तरी काकू दचकायच्या. मी खिळ्यावर गंजत होतो. गाठ कुणाची ते मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. टपालमामा तीन वेळा दारापर्यंत आले आणि तीनदा माघारी गेले, तेही मी पाहिलं.

बाराव्या दिवशी दुपारी ते आत आले. बसले नाहीत.

"ताई, ती सुई माझी आहे," ते म्हणाले. "साखरेसाठी रोज इन्शुलिन टोचून घेतो. सुया घरच्या कचऱ्यातच टाकायचो. पिशवी ओळखली, म्हणून गुपचूप बाजूला काढली. साऱ्या गल्लीला स्वच्छता शिकवणारा मी, लाज वाटली."

"बारा दिवस, मामा," सून म्हणाली. "बारा दिवस या धड जेवल्या नाहीत."

मामांची मान वर होईना. काकूंनी उठून चपला घातल्या.

"आधी तुमचं रक्त तपासायला चला. रागवायचं ते मी मागाहून रागावेन."

निकाल यायला दोन दिवस लागले. इतके लांब दिवस मी कधी पाहिले नाहीत. मामांच्या रक्तात काही दोष निघाला नाही. डॉक्टरांनी काकूंचं औषध थांबवलं आणि पुढे खात्रीसाठी त्यांचंही रक्त तपासलं. तेही निर्दोष निघालं. त्या दिवशी काकूंनी नातीला मांडीवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत खाली उतरू दिलं नाही.

राग मात्र त्यांनी बोलल्याप्रमाणे धरला. महिनाभर त्या मामांशी खुणेनेच बोलत. मामांनी तो राग मुकाट्याने सोसला. एका रविवारी त्यांनी घरोघर जाऊन माणसं गोळा केली, वळणावर सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली आणि कंपाउंडरची माफी मागितली. ते ऐकून आणखी चौघं पुढे आली. त्यांच्याही घरच्या सुया त्याच ढिगात जात होत्या! तेव्हापासून सगळे जण सुया जाड, झाकणाच्या डब्यात भरतात आणि कंपाउंडर दर पंधरवड्याला ते डबे दवाखान्यात जमा करून घेतो.

आता माझी रिव्हेट सैल झाली आहे, दात झिजले आहेत. ढिगात दात रोवताना अजूनही मला धडकी भरते. मित्रांनो, तुम्ही टाकलेली वस्तू कुणीतरी हाताने उचलणार असतं. फुटकी काच जाड कागदात गुंडाळा आणि वर तसं लिहा. सुया घट्ट डब्यात ठेवायला घरच्यांना सांगा. तुम्ही स्वतः मात्र त्यांना हात लावू नका. आणि कधी काही टोचलंच, किंवा आपल्या हातून चूक झालीच, तर भीती वाटेल. वाटू द्या. पण ती मनात कोंडून बसू नका. त्याच पावली जाऊन मोठ्या माणसाला सांगा.